नानांची अक्षरं, माझी खोकी

३ नोव्हेंबर, सोमवार

लेक आज दुपारी कागदांची सुरळी काखेत मारून आली आणि म्हणाली, "बाबा, तपासणी केंद्राच्या प्रोग्रॅमची अक्षरं बदलायचीत." जणू खोलीचे पडदे बदलायचेत.

हा प्रोग्रॅम मी लिहिलाय, चोवीस वर्षांपूर्वी. रक्त तपासणाऱ्या केंद्राच्या काउंटरवर तेव्हापासून चालतोय. रुग्णाचं नाव, वय, तपासणी, आकडे. डॉक्टरीणबाईंचे केस पांढरे झाले, काउंटरवरच्या मावशी आजी झाल्या, प्रोग्रॅम तसाच. त्याचा फॉन्ट निवडायला मी तीन आठवडे घेतले होते. शेवटी जो घेतला तो आमच्या चौथीच्या वाचनपुस्तकातल्या अक्षरासारखा होता. तसाच गोल पोटाचा, तशीच जरा वाकलेली मात्रा. त्या पुस्तकातल्या कविता आम्ही बाकावर ठेका धरून म्हणायचो आणि बाई खिडकीबाहेर बघत राहायच्या. पुढे चोवीस वर्षं मी लोकांची साखर आणि हिमोग्लोबिन त्या अक्षरात दाखवलं. कोणाला ठाऊक नव्हतं. मला होतं.

आता मावशींना ते दिसत नाही म्हणे. एक आणि नऊ सारखे वाटतात, पाच आणि सहा सारखे वाटतात. डॉक्टरीणबाईंनी लेकीला सांगितलंय, एकोणीस तारखेपर्यंत अक्षर मोठं आणि सुटं करून दाखवा, नाहीतर आम्ही दुसरीकडून तयार प्रोग्रॅम घेतो.

इथवर ठीक होतं. पण सुरळीतली अक्षरं कोणाची? माझ्या व्याह्यांची. गृहस्थ जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवत होते. उन्हाळ्यात त्यांनी हाताने काढून दिलेली अक्षरं लेकीने मशीनमध्ये भरून त्यांचा फॉन्ट केलाय. फॉन्टच्या यादीत नाव दिसतं, 'नाना'. सासऱ्यांना ती नाना म्हणते.

मी म्हटलं, "छान आहेत."

छान आहेत, हीच तर अडचण आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

लेक हल्ली वेगळ्या तऱ्हेचे प्रोग्रॅम लिहिते. प्रोग्रॅम बांधायचं माझं जुनं अवजार तिला नवीन, म्हणून आज समजावून दिलं. मजा आली. बऱ्याच वर्षांनी तिने माझ्याकडून काही शिकून घेतलं.

पडद्यावरची खिडकी ही सगळ्यात वरची. तिच्यात चौकटी, चौकटींत नावा-आकड्यांची खोकी. प्रत्येक खोक्याच्या गुणधर्मांत एक बारीकशी खूण असते, फॉन्ट वरच्याप्रमाणे घ्यायचा की नाही. खूण असली की खिडकीचा फॉन्ट चौकटीत उतरतो, चौकटीचा खोक्यात. एखादं खोकं उचलून दुसऱ्या चौकटीत ठेवलं तर ते नव्या चौकटीचा फॉन्ट घेतं, जुनीची आठवणही ठेवत नाही. (हे सांगताना मी लेकीकडे बघितलं. ती वहीत लिहून घेत होती.)

"आणि खूण कधी निघते?" तिने विचारलं.

"त्या खोक्याचा फॉन्ट तू एकदा हाताने लावलास की आपोआप. मग तो वरच्यासारखाच का असेना. दिसायला काही फरक नाही, पण त्यानंतर वर काहीही बदल, खोकं ढिम्म."

"तुम्ही कुठे लावलाय असा हाताने?"

"एकाही ठिकाणी नाही. दोनशे बारा खोकी आहेत, सगळी वरच्याप्रमाणे."

"म्हणजे मी वर एकदा बदललं की झालं? बाबा, किती नीट बांधून ठेवलंय हो तुम्ही."

छाती फुगली. ती गेल्यावर लक्षात आलं, मी नीट बांधलंय म्हणूनच मला पुसून टाकायला एक मिनिट पुरणार आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

लेक आज व्याह्यांना घेऊन आली. आपली अक्षरं जिथे राहायची ती जागा त्यांना बघायची होती.

गृहस्थ उजवा हात खिशात घालूनच आत आले आणि तसेच बसले. आमच्या शाळेत असा उभा राहणारा मुलगा छडी खायचा. हिने (म्हणजे बायकोने; डायरीतसुद्धा नाव घ्यायची सवय नाही) चहा आणला तर लेकीने त्यांचा कप आत नेऊन अर्धा करून आणला आणि डावीकडे ठेवला. त्यांच्या पेनचं टोपण काढून दिलं. कागद धरून बसली. मी आपला समोर, काठोकाठ भरलेला कप घेऊन.

"व्याहीबुवा, तुमच्या या चौकटी म्हणजे पाटीचा लाकडी साचाच की," ते म्हणाले. "आधी साचा बघायचा, मग अक्षर. माझा उस्ताद सांगायचा, एका पाटीवर दोन हात चालत नाहीत. एकाने काढलं तर शेवटच्या टिंबापर्यंत त्यानेच."

"मग माझं काय करणार? सगळं खरवडून काढणार?"

"साचा तुमचाच राहतो ना," ते हसून म्हणाले.

लेकही हसली. साचा, म्हणे. पाटीखालचा साचा रस्त्यावरून जाताना कोणी बघतं का?

जाताना तिने त्यांना कोपराला धरून जिना उतरवला. माणूस माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

केलं.

ही दुपारची झोपली होती. मी प्रोग्रॅम उघडला आणि एकेक खोकं निवडून त्याला त्याचाच जुना फॉन्ट हाताने लावत गेलो. सगळी एकदम निवडूनही लावता आला असता. एकेकच लावला, शाळा सुटताना पोरांच्या गालाला हात लावावा तसा. दर वेळी ती बारीक खूण निघून जायची. पडद्यावर काहीच बदललं नाही.

"काय टकटक चाललीय मघापासून?" ही पलंगावरून म्हणाली.

"जुनी कविता उतरवतोय."

"मग मोठ्याने म्हणत का नाही? एरवी तर शेजाऱ्यांनाही सुटका नसते."

कविता खरंच सुचली होती.

दोनशे बारा पाखरे माझी, चौकटींचा निवारा,
एकालाही न लागो बाई परक्या घरचा वारा.

दुसऱ्या ओळीचा ठेका जरा लंगडतो. असो.

मला बिघडवायचं नाहीये काही. उद्या ती वर फॉन्ट बदलेल, खाली काही हलणार नाही, आणि ती बाहेर येऊन म्हणेल, "बाबा, बघा ना जरा." मी चष्मा पुसून म्हणेन, "बघू." एवढंच. एवढंसुद्धा मागू नये का माणसाने?

८ नोव्हेंबर, शनिवार

ती दोन तास आत होती. मी बाहेर वर्तमानपत्र उलटं-सुलटं वाचत होतो. हाक आली नाही.

शेवटी मीच गेलो. वरचं शीर्षक नानांच्या अक्षरात मोठं झालं होतं, खालची दोनशे बारा खोकी माझ्या. मी म्हटलं, "काय झालं?"

"नानांच्या अक्षरांतच काही कमी असणार. जोडाक्षरं पुरी नाहीत, म्हणून मशीन खाली जुन्या फॉन्टवर परत जातंय बहुतेक."

"माझ्या बांधणीत बघायचं का काही?"

"छे. तुम्ही सांगितलंत ना, एकाही ठिकाणी हाताने लावलेला नाही म्हणून. तुमच्या बांधणीत चूक नसणार." तिने फोन उचलला. "नाना, थोडी जोडाक्षरं काढावी लागतील हो... हो, मला ठाऊक आहे. नाही, सगळी नकोत. बरं. बरं, तुम्ही म्हणाल तसं."

फोन ठेवून बराच वेळ बसून राहिली. व्याही म्हणाले होते, नवी जोडाक्षरं आणि जुनी अक्षरं दोन वेगवेगळ्या हातांची दिसतील, एका पाटीवर चालणार नाही. सगळं पहिल्यापासून काढतो.

काढेनात का. जन्मभर तेच केलं. मला आत कुठेतरी गार वाटलं, हे इथे लिहून ठेवतो. दुसरं कोणी वाचणार नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

लेक रोज येते. व्याह्यांनी काढलेली चार-पाच पानं आणते, मशीनमध्ये भरते, जाते. चेहरा उतरलेला. मी विचारलं, एवढ्याला इतके दिवस का? म्हणाली, "रोज तासभरच बसतात ते." वाटलं, नखरे आहेत कलावंताचे.

आणखी एक कळलं. माझं अवजार तिने नोकरीवर दूर असलेल्या जावयाच्या घरच्या लॅपटॉपवर कधीच चढवलंय, तिकडेही चालतं. मग रोज दोन गल्ल्या तुडवत माझ्याच खोलीत का येऊन बसते? मला दाखवायला, दुसरं काय.

हिला म्हटलं तर म्हणाली, "तुम्ही प्रोग्रॅम कसे लिहिलेत कोण जाणे. साधी दोन-दोनची बेरीज जमत नाही तुम्हाला."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सांगणार होतो. ती आली, पंख्याखाली बसली, पाणी प्यायली. मी "अगं" म्हटलं. ती म्हणाली, "नानांनी आज सहा काढायला अख्खा तास घेतला." सहा म्हणताना तिच्या आवाजात जे होतं ते माझ्या कुठल्या आकड्यासाठी कधी ऐकलं नव्हतं. तोंड मिटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

लेक काल चष्मा विसरून गेली. तो द्यायला सकाळी तिच्या घरी गेलो. लेक बाहेर गेली होती. विहीणबाई म्हणाल्या, "आत आहेत, पण बोलू नका, हात ऐकतोय आत्ता."

दारातून बघितलं. व्याही टेबलाशी बसले होते. डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं होतं आणि कुंचला कागदाजवळ नेत होते. टेकवायच्या क्षणी हात थरथरायचा. मग मागे घ्यायचे, श्वास सोडायचे, पुन्हा न्यायचे. जमिनीवर रद्द केलेली पानं पडली होती, सगळ्यांवर एकच सात.

विहीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "उन्हाळ्यानंतर वाढलं. सकाळची गोळी घेतली की तासभर बरं असतं. कोणाला सांगायचं नाही म्हणतात, मुलालाही नाही. तुमच्या लेकीला मात्र पहिल्या दिवशी कळलं."

भिंतीवर गोळ्यांच्या वेळांचा तक्ता होता, लेकीच्या अक्षरात. लाल, निळ्या पेनने. खरं सांगायचं तर त्या थरथरत्या हातासमोर उभा राहूनही माझी नजर तक्त्यावरच जात होती.

व्याह्यांना चाहूल लागली. कुंचला ठेवून म्हणाले, "या, व्याहीबुवा. बघा, तुमच्या खोक्यांत बसायला किती आढेवेढे घेतोय हा सात."

"पहिली अक्षरं काय वाईट होती?"

"पोरगी म्हणते बसत नाहीत. मी म्हटलं, साचाच तपासा एकदा. तर माझ्यावरच चिडली. म्हणते, बाबांच्या कामात चूक असणं शक्यच नाही."

मी चष्मा टेबलावर ठेवून निघालो. घरी येऊन हिला म्हटलं, "माझ्या गोळ्यांचा तक्ता कधी केला नाही तिने."

"तुम्हाला गोळ्या कुठे आहेत?" ही म्हणाली. मग जरा थांबून, "मला विहीणबाईंनी सांगितलं होतं. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या होत्या."

"का?"

"व्याह्यांचं नाव निघालं की तुमचं जे तोंड होतं, ते बघून."

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज सगळं मागे घेतलं. दोनशे बारा खोक्यांवर खूण परत लावली, या वेळी सगळी एकदम निवडून. अर्धं मिनिट लागलं. आता ती नवा फॉन्ट वर लावेल आणि तो खाली उतरेल. कोणाला कळणारही नाही.

सुटलो असं वाटलं. चहा करून घेतला, दोन-चार शाळेतल्या कविता म्हटल्या.

मग तिसऱ्या कवितेच्या मध्येच कळलं की सुटलो नाही. ती उद्या लावणार ती दुसरी अक्षरं, थरथरलेली. ती खाली उतरली की तिची खात्री पटेल, पहिल्यांतच खोट होती. उन्हाळ्यातली ती भरल्या हाताची अक्षरं कायमची बाजूला पडतील. आणि काउंटरवर पुढची कितीतरी वर्षं तो वाकडा सात दिसत राहील. नाव 'नाना'.

गप्प राहिलो तर ते असं होईल. आणि ते तसं झालेलं बघायला मला आवडेल, असा एक विचार येऊन गेला. लगेच गेला नाही. चहा गार होईपर्यंत बसला होता.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ती आली. वर एकदा फॉन्ट बदलला. खालची दोनशे बारा खोकी एका झटक्यात नानांची झाली. ती खुर्चीत मागे रेलली. डोळ्यांत पाणी.

"बघितलंत बाबा? जोडाक्षरंच होती."

पडद्यावर सात लटपटत होता. नऊचं शेपूट फाटलेलं. ती तिकडे बघत म्हणाली, "चालेल. मोठी आहेत, सुटी आहेत. मावशींना तेवढंच हवंय."

"पहिली लाव," मी म्हटलं.

"ती चालत नाहीत ना."

"चालतील."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

मी सांगितलं. शुक्रवार, दुपार, एकेक खोकं. कवितेचंही सांगितलं, ते कशाला कोण जाणे. ती ऐकत होती, माऊसवर हात तसाच.

"दोनशे बारा?"

"हो."

"एकेक करून?"

"हो."

"का पण?"

"वाटलं, तू हाक मारशील."

तिने फॉन्टची यादी उघडली. पहिला फॉन्ट लावला. सगळी खोकी सरळ उभी राहिली, रांगेत, हसऱ्या पोटांची. इतकी सुंदर, की माझी चौथीची अक्षरं मला आठवेनात. मग तिने मशीन बंद केलं, पिशवी उचलली. दारात थांबून म्हणाली, "मी इथे काम करायला यायचे ते मला आवडायचं म्हणून. नानांना मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं."

हिने तिच्यासाठी ठेवलेला चहा मीच प्यायलो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

केंद्रावर दाखवून झालं. लेकीने हिला फोन केला, मला नाही. मावशी खुर्ची मागे ओढत ओढत पार भिंतीपर्यंत गेल्या आणि तिथून आकडे धडाधड वाचले. डॉक्टरीणबाईंनी प्रोग्रॅम ठेवला. फोनवर लेक सांगत होती आणि ही माझ्याकडे बघत मोठ्याने पुन्हा म्हणत होती, म्हणजे मला ऐकू यावं.

उद्या जायचंय.

२० नोव्हेंबर, गुरुवार

गेलो. उभ्यानेच सांगून टाकलं. व्याही ऐकत होते, हात खिशात.

"म्हणजे पहिलीच बसत होती," ते म्हणाले.

"हो."

"मग ही दुसरी कशाला काढली मी?"

विहीणबाई आत निघून गेल्या.

"नऊ दिवस," व्याही म्हणाले. "दिवसाला एक तास. नऊ तास घेतलेत तुम्ही माझे. किती शिल्लक असतील, तुम्हाला काय ठाऊक, मलाही नाही." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मला मुलाला पत्र लिहायचं होतं. तो दूर बंदरावर नोकरीला, फोनवर माझा आवाज धड येतो, म्हणून त्याला हाताचं काही ठाऊक नाही. माझ्या अक्षरातलं एक धड पत्र गेलं असतं तर वर्षभर निश्चिंत राहिला असता. आता गोळी घेऊनसुद्धा हात तेवढा टिकत नाही. कालपासून बघतोय."

मी समोरची खुर्ची ओढून बसलो. मी म्हटलं, "तुम्ही सांगा. मी लिहितो."

"तुम्ही? तुमचं अक्षर मी पाहिलंय. मुंग्या शाईत बुडवून सोडल्यासारखं."

"आहे खरं."

"त्याला लगेच कळेल, हात माझा नाही."

"कळेल."

ते खिडकीकडे बघत राहिले. मग खुर्ची सरकवली आणि टेबलावरचा कोरा कागद डाव्या हाताने माझ्या पुढ्यात ढकलला.

"लिहा. पत्र दुसऱ्याच्या हातचं आहे म्हणून घाबरू नकोस. माझा हात उन्हाळ्यापासून ऐकत नाही. लिहिलंत? तुला सांगितलं नाही, ते चुकलं. जीव ठीक आहे. तुझी आई डोळ्यांत तेल घालून बघते. हे पत्र तुझे सासरे लिहीत आहेत. त्यांनी माझा थोडा वेळ खाल्ला, त्याची भरपाई म्हणून लिहीत आहेत. ते कसं, ते तू आलास की सांगेन."

"हेही लिहू?"

"लिहा की. सगळं लिहा."

लिहिलं.

"काळजी करू नकोस. आमची मुलगी सगळं सांभाळते."

मी थांबलो. ते वाट बघत होते.

"काय झालं? पेन अडलं का?"

"नाही," मी म्हटलं, आणि 'आमची मुलगी' असं लिहिलं. त्यांनी सांगितलं तसंच.